चवदार तळ्यानंतरचा प्रश्न

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि पाणवठा सर्वांचा आहे हे कृतीने सिद्ध झाले. आता पुढचा प्रश्न विचारायला हवा: वस्तीत येणारे पाणी पिण्यालायक आहे का?

उत्तर प्रदेशातील कानपूरजवळचा रनिया भाग पाहा. चामडे कमावण्यासाठी लागणारे क्रोमियमचे क्षार बनवणाऱ्या कारखान्यांचा कचरा तिथे वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिला. त्यातील षट्संयुजी क्रोमियम झिरपून भूजलात उतरले. हे विष कर्करोगाला कारण ठरते. पाणी उकळून किंवा फडक्याने गाळून ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम असू नये, असे भारतीय मानक सांगते.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला एक उपाय म्हणजे लोखंडाचे नॅनोकण. ते केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे बारीक असतात, त्यामुळे थोडे लोखंडही पुष्कळ पाण्याला भिडते. नुसते सोडले तर हे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि लवकर गंजतात. म्हणून त्यांना स्टार्च किंवा सेल्युलोजपासून केलेल्या पदार्थाचे आवरण देऊन स्थिर करतात. हे लोखंड क्रोमियमला इलेक्ट्रॉन देते. मग विषारी क्रोमियम कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात बदलते आणि गाळ होऊन खाली बसते.

या विज्ञानाचे आम्ही स्वागत करतो. पण विष नाहीसे होत नाही, ते गाळात जाते. तो गाळ कोण उपसणार? गटारापासून कचऱ्यापर्यंत घाणीची कामे जातीने कोणाच्या माथी मारली, हे आपल्याला ठाऊक आहे. शुद्ध पाण्यासाठी पुन्हा आपल्याच माणसांना उघड्या हातांनी विषात उतरवणार असाल, तर ते आम्हाला मान्य नाही. हे काम यंत्रांनीच व्हावे. वरचा ढीग तसाच ठेवून खालचे पाणी शुद्ध करत बसणेही व्यर्थ आहे. आधी तो ढीग हलवा, आणि खर्च ज्यांनी घाण केली त्यांच्याकडून घ्या.

ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखा, ही कालाम सुत्तातली बुद्धांची शिकवण आहे. म्हणून ‘पाणी स्वच्छ दिसते’ एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या वस्तीच्या पाण्यात कोणकोणते धातू तपासले, याचा लेखी अहवाल ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे मागा. तो वस्तीतल्या फलकावर लागेपर्यंत पाठपुरावा करा.

जय भीम!