अर्ज भरण्याआधी गोठ्यात उतरा



गेल्या महिन्यात लागण नोंदीचे काम चालू असताना एक सभासद गट ऑफिसात आले. नोंद झाली, चहा झाला, मग हळूच म्हणाले, "साहेब, पोराला नीटमध्ये मार्क जरा कमी पडल्यात. डॉक्टरकी काय मिळत न्हाई. जनावराच्या डॉक्टरला टाकावं म्हणतोय." मी विचारले, "धार काढता येते का त्याला?" ते हसले. "कुठलं ओ! दहावीपासनं क्लासला भाईर. म्हशीजवळ जायला भितोय."

यात पोराची चूक नाही. पशुवैद्यकीय पदवीला आपल्याकडे 'नीट'चे गुण बघतात. जनावर हाताळल्याचा दाखला कोणी मागत नाही. अमेरिका-इंग्लंडातली कॉलेजे अर्जातच विचारतात, की गोठ्यात, दवाखान्यात किती काळ काम केले आहे. तशी अट इथे आणा असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडे दाखला कसा मिळतो हे तुम्हांलाही ठाऊक आहे आणि मलाही. शिवाय शहरातल्या गरिबाच्या हुशार पोरीने म्हैस कुठून आणायची?

पण आपल्या दारात म्हैस आहे. 'गोकुळ'ला सकाळ-संध्याकाळ दूध घालणारे आपण, आणि आपलीच पोरे शेणाला नाक मुरडतात. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातले एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. तिसऱ्या वर्षी कळले की हे आपल्याला जमणारे नव्हे, तर ती जागाही गेली आणि बापाचे उसाचे बिलही गेले.

अनुभव म्हणजे इंजेक्शन टोचणे नव्हे. नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचे काम दुसऱ्याने करायचे नाही, असा 1984 चा कायदाच आहे. अनुभव म्हणजे बघणे. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते, ओरडत नाही. तो माज ओळखता येतो का? कास गरम लागली, धारेत गुठळी आली, तर 'दगडी'ची शंका येते का? हंगामात आपण वाढ्यावर वाढे टाकतो. वाढ्यातले ऑक्झलेट जनावराच्या अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. म्हणून कडबा, हिरवी वैरण आणि खनिज मिश्रण सोबत हवे. हे पुस्तकात पाठ करणे वेगळे आणि आपल्याच म्हशीचे दूध का घटले हे शोधणे वेगळे. 2022 साली लम्पी आली, जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हा आजारी बैल घट्ट धरून ठेवणारा माणूससुद्धा डॉक्टरांना हवा होता.

माझी थोरली बारावीला आहे, तिलाही हेच शिकायचंय. मागच्या श्रावणात रात्री दोनला आमची म्हैस अडली. रेडकाचे पाय उलटे आले होते. डॉक्टरांनी हात घातला तशी पोरगी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली. मला वाटलं, संपलं. पाच-दहा मिनिटांनी परत आली आणि कंदील धरून उभी राहिली (लाईट नव्हतीच, नेहमीप्रमाणे). रेडकू वाचलं नाही. म्हैस वाचली. वार पडेपर्यंत पोरगी तिथनं हलली नाही. मी अजून तिला हो म्हटलेलं नाही, पण अर्जाचा विषय आता मी टाळत नाही.

संचालक मंडळापुढे मी एक सूचना ठेवली आहे. हंगामात बैलगाड्यांच्या तळावर बैल येतात. कुणाचा खांदा सुजलेला, कुणाची पत्री निघालेली, कुणी चारा सोडलेला. पशुवैद्यक तपासायला येतील त्या रविवारी सभासदांच्या अकरावी-बारावीतल्या चार-पाच मुलामुलींना सोबत फिरू द्यावे. त्यांनी पाणी आणावे, जनावर धरावे, डॉक्टर काय म्हणाले ते वहीत लिहावे. दाखला मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

मंजुरी मिळाली की गट ऑफिसात नावे घेऊ. वेळ सकाळी सातची. गमबूट ज्याचे त्याने आणावेत, आणि वडिलांनी सोबत येऊ नये.

— ऊस विकास अधिकारी