जखमेवर मलमांची खिचडी नको

मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली की घरात मलमांच्या ट्यूब जमू लागतात. एक डॉक्टरांनी दिलेली, दुसरी कोणी भाजले तेव्हाची उरलेली, तिसरी शेजाऱ्यांनी सुचवलेली. दोन लावली तर गुण लवकर येईल, असे वाटते. काही मलमांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते.

जखमेवर साचणारा पिवळट, चिकट थर म्हणजे बहुधा मेलेले मांस. ते निघाल्याशिवाय जखम नीट भरत नाही. हा थर विरघळवण्यासाठी डॉक्टर कधी एन्झाइमचे मलम देतात. त्यात कोलॅजिनेज जिवाणूंपासून मिळते, तर पपेन कच्च्या पपईच्या चिकापासून. कच्ची पपई घातली की मटण लवकर शिजते, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहेच. पपेनचे काम तसेच.

पण ही एन्झाइम नाजूक असतात. भाजल्यावर लावायच्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमात चांदी असते. चांदीने दोन्ही एन्झाइम निकामी होतात. फेस येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड पपेनला मारक आहे. साबणासारखी द्रावणे आणि आयोडीनची काही औषधे कोलॅजिनेजची ताकद घटवतात. मग महागडी ट्यूब संपते, थर तसाच राहतो आणि मोलाचे दिवस वाया जातात. मधुमेहात हे दिवस कधी बोटावर, कधी पायावर बेततात.

म्हणून एवढे पाळा :

१. आधी काय काय लावले, ते डॉक्टरांना सांगा. जुन्या ट्यूब सोबत न्या.

२. एन्झाइमचे मलम लावण्यापूर्वी जखम सलाईनने धुवा. आधीच्या औषधाचा अंश राहू देऊ नका.

३. जंतुनाशकही हवे असेल तर कोणते व केव्हा लावायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

४. जखमेवर पपई किंवा तिचा चीक घरी लावू नका. पपेनने काहींना तीव्र ॲलर्जी होते. या कारणानेही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये पपेनची जखमेवरची औषधे बाजारातून काढायला लावली.

५. टाचेवरची कोरडी काळी खपली स्वतः ओढू नका.

ताप आला, दुर्गंधी सुटली, लाली वर चढू लागली किंवा बोट काळे पडले, तर मलम बदलत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.