संपादकीय : मुलांचे प्रकल्प आणि पालकांचे मौन



यंदाची स्मरणिका वाचकांच्या हाती देताना या पानावर आम्ही मंडळाच्या कार्याचा आढावा घेणार नाही; तो चिटणीसांच्या अहवालात सविस्तर आलेला आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते आपल्या घरांत रविवारी रात्री नऊच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे, डिंक आणि संगणक यांच्या पसाऱ्यात जे घडते त्याविषयी.

अमेरिकेतील शाळांत चौथी-पाचवीच्या मुलांना पाठांतरापेक्षा प्रकल्प करावयास लावतात, हे आपणांस आता नवे नाही. तीन घड्यांचा उभा फलक, त्यावर नकाशा, चित्रे आणि मुलाच्या हातचे चार परिच्छेद. ‘वॅक्स म्युझियम’च्या दिवशी तर मूल एखाद्या थोर व्यक्तीचा वेष करून पुतळ्यासारखे उभे राहते आणि पाहुण्याने समोरचे कागदी बटण दाबताच त्या व्यक्तीच्या मुखाने बोलू लागते. २०२० साली महासाथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा हे सारे पडद्यावर गेले, आणि शाळा उघडल्यावरही त्यातील बरेचसे पडद्यावरच राहिले.

या कामात आपले पालक मागे नाहीत. किंबहुना जरा अधिकच पुढे आहेत. ज्वालामुखीच्या काही प्रतिकृती आम्ही अशा पाहिल्या आहेत की, त्यांच्यामागे दोन अभियंत्यांच्या पदव्या स्पष्ट दिसत होत्या. परंतु शाळेतून कुटुंबाच्या वारशाचा प्रकल्प आला की हेच अभियंते गप्प होतात. आजोबा काय काम करीत? गावात आपले घर कोठे होते? मूल विचारते आणि घरात उत्तर मिळते, “शेतकरी होते, असे लिही.” वर्गात इतर भारतीय मुले असतात, त्यांचे आईवडील आपल्याच कचेरीत असतात. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटलने जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक मात्र ऑक्टोबरात गव्हर्नरांनी नाकारले. जेथे कायदा करण्याची गरज भासते, तेथे प्रश्न आहेच.

तरीही आपल्या पाल्याच्या वयाच्या एका मुलाची गोष्ट आम्ही येथे पुन्हा आठवू इच्छितो. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. त्या वेळी ते दहा वर्षांच्या आतबाहेर होते. वडील खटाव तालुक्यात खजिनदाराच्या नोकरीवर. साताऱ्याहून भावंडे आणि बहिणीची मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यावयास कोणीच आले नव्हते. पोशाखावरून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले समजले. मुलांनी सहज खरे ते सांगून टाकले, आणि त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकीना. ती मुलांनीच हाकली. बरोबर डबा होता, पाणी नव्हते. वाटेत मिळाले ते जनावरांनी घाण केलेले. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाने सल्ला दिला की, आपण मुसलमान आहोत असे सांगा. मुलांनी तसे सांगितले. पाणी तरीही मिळाले नाही.

स्टेशनावर खरे बोलणारे मूल त्याच रात्री नाक्यावर खोटे बोलावयास शिकते, आणि शिकविणारा मोठा माणूस असतो. “शेतकरी होते, असे लिही” म्हणताना आपण कोणाच्या जागी उभे असतो, याचा विचार आम्हांला अस्वस्थ करतो.

काही भगिनींनी आम्हांला विचारले की, इतक्या लहान वयात हे सांगावे काय? याच शाळांत ही मुले रुबी ब्रिजेसची गोष्ट वाचतात. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये ती सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी फेडरल मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. ती कथा ज्यांना पेलते, त्यांना मसूरची का पेलू नये?

हे आत्मकथन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने काढले आणि आज ते कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळते. भाषा प्रौढ आहे. म्हणून आधी पालकांनी वाचावे, मग मराठीत सांगावे, आणि इंग्रजी मुलाने आपल्या शब्दांत लिहावे. हल्ली यंत्राला विचारले की निबंध क्षणात तयार होतो. तो मोह दोघांनीही टाळावा. नकाशावर सातारा आणि मसूर शोधता येते, अंतर मोजता येते. येथे एक गंमतही आहे. वडिलांच्या गावाचे नाव छापील प्रतींत कोठे कोरेगाव, कोठे गोरेगाव असे आढळते. गोरेगाव शोधणाऱ्या मुलाला संगणक थेट मुंबईच्या उपनगरात नेऊन सोडतो. मग खटाव तालुका कोठे आहे, रेल्वे कोठून जाते, हे त्याला स्वतःच तपासावे लागते. शंभर सूचनांनी जे साधत नाही ते अशा एका घोटाळ्याने साधते. ज्यांना आवड असेल त्यांनी हाच प्रवास ‘स्क्रॅच’वर हलत्या चित्रांत करावा. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली खुली केलेली ही प्रणाली आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच घडविलेली आहे.

या अंकाच्या बालविभागात अशा चार प्रकल्पांची पाने दिली आहेत. शुद्धलेखन आम्ही सुधारलेले नाही. एका चित्रात बैल गाडीच्या मागे जुंपलेले आहेत, तेही तसेच ठेवले आहेत. पुढील वर्षाचे प्रकल्प ३१ जानेवारीपर्यंत चिटणीसांकडे पोहोचावेत. मुलाचे वय व इयत्ता अवश्य लिहावी. पालकांच्या पदव्या लिहू नयेत.