शून्य आलं तर शून्यच लिहू द्या

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त हात बदलणारी वस्तू कोणती? मॅगी नाही, जर्नल! एकीचं पूर्ण झालं की पहाटेपर्यंत अख्ख्या विंगचं होतं. मीही त्यातलीच, त्यामुळे कोणाला शहाणपण शिकवायला बसलेली नाही. (त्यात मी पडले कॉन्व्हेंटवाली. एकोणसत्तर की एकोणऐंशी हे अजून मनात इंग्लिशमध्ये मोजावं लागतं, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.) पण एका प्रॅक्टिकलबद्दल बोलायचंच आहे.

बबल सॉर्ट आणि क्विक सॉर्टला लागणारा वेळ मोजा, तक्ता भरा, ग्राफ काढा. एकदम सोपं. सॉर्टच्या आधी क्लॉक फंक्शन, नंतर क्लॉक फंक्शन, वजाबाकी, संपलं. लॅबमधल्या टर्बो सीवर मी १०० आकडे दिले. उत्तर ०.००००००. परत चालवला, परत शून्य. पाचव्यांदा अचानक ०.०५४९४५. सहाव्यांदा पुन्हा शून्य! शेजारची म्हणाली, "अगं, कशाला डोकं लावतेस? सिनियरच्या जर्नलमधून घे ना."

कारण नंतर कळलं. टर्बो सीचं क्लॉक फंक्शन पीसीच्या जुन्या टायमरवर चालतं आणि तो सेकंदाला फक्त १८.२ वेळा टिक करतो. म्हणजे दोन टिकमध्ये साधारण ५५ मिलिसेकंद. सगळं काम तेवढ्यात उरकलं तर शून्य. मध्ये नेमकी एक टिक पडली तर एकदम ०.०५४९४५, कारण १ भागिले १८.२ तेवढेच होतात. अधलंमधलं काही येऊच शकत नाही. आणि आमच्या बॅचच्या जर्नल्समध्ये रीडिंग्ज काय आहेत? ०.०१२, ०.०३१, ०.०४४! प्रत्येकाखाली सही. ही कोणत्या मशीनवर आली ते देवालाच माहीत.

मग मी जरा डोकं चालवलं. तेच सॉर्ट लूपमध्ये १००० वेळा चालवायचं आणि एकूण वेळेला १००० ने भागायचं. ग्राफ आला उलटा! क्विक सॉर्ट बबलपेक्षा स्लो. तासभर स्क्रीनकडे बघत बसले, तेव्हा चूक सापडली. पहिल्या फेरीतच अॅरे सॉर्ट झाला होता आणि उरलेल्या ९९९ फेऱ्यांना मी सॉर्ट झालेलाच अॅरे देत होते. माझ्या बबल सॉर्टला, काही अदलाबदल झाली नाही तर थांब, असा फ्लॅग होता. तो एका फेरीत सुटायचा. पहिलाच आकडा पिव्हट धरणाऱ्या क्विक सॉर्टची मात्र नेमकी तिथेच वाट लागते. मग प्रत्येक फेरीआधी मूळ अॅरेची कॉपी घेतली, नुसत्या कॉपीचा वेळ वेगळा मोजून वजा केला, आणि ग्राफ सरळ झाला. क्विक सॉर्टची वर्स्ट केस पुस्तकात तीनदा वाचून डोक्यात शिरली नव्हती, ती या गोंधळाने शिरली.

दोन्ही ग्राफ घेऊन गेले. सर वाईट नाहीत हो, पण समोर साठ जर्नल्सचा गठ्ठा. म्हणाले, "एवढी स्टोरी नको. सगळ्यांचा आहे तसा तक्ता आण." मी काय केलं? रात्री बसून ०.०१२, ०.०३१ उतरवून काढलं. सही मिळाली. त्या सहीची अजून लाज वाटते.

कोणी म्हणेल, एका तक्त्याने काय बिघडतं? पण वेळ मोजणं दिसतं तितकं सरळ नाहीच. रूमवर लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे प्रोग्रामला पाच सेकंद झोपवलं तर हेच क्लॉक फंक्शन जवळजवळ शून्य दाखवतं, कारण तिथे ते फक्त प्रोसेसरने तुमच्यासाठी केलेलं काम मोजतं. मैत्रिणीच्या विंडोजवर तोच प्रोग्राम पाच सेकंद दाखवतो. मेसच्या भाषेत सांगायचं तर रांगेत चाळीस मिनिटं उभं राहिलात, मावशींनी तुमच्या पोळ्या दोन मिनिटांत लाटल्या. वेळ किती लागला? दोन्ही उत्तरं बरोबर, पण कुठलं विचारलंय ते आधी ठरवा ना!

आणि तुम्ही रांगेत असताना कोणी मेसचं घड्याळच मागे केलं तर? हसू नका, हे घडलेलं आहे. २०१६ च्या शेवटी जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाटेची साडेपाचची वेळ होती. क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएसचा प्रोग्राम दोन वेळांची वजाबाकी करत होता आणि उत्तर उणे आलं. गेलेला वेळ उणा असेल असं लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नव्हतं. तो उणे आकडा पुढे रँडम नंबर देणाऱ्या फंक्शनकडे गेला, प्रोग्राम कोसळला आणि काही साइट्स उघडेनात. तो गो भाषेत लिहिलेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या गो १.९ मध्ये वेळांची वजाबाकी मोनोटॉनिक घड्याळावर व्हायला लागली. हे घड्याळ किती वाजले ते सांगत नाही, पण मागेही जात नाही. लिनक्सवर सी मध्येही ते कधीपासून आहे. आमच्या मॅन्युअलमध्ये मात्र त्याचं नावही नाही.

स्टाफला एवढंच म्हणणं आहे की तक्त्याला दोन रकाने वाढवा: कोणतं घड्याळ वापरलं आणि किती वेळा चालवलं. शून्य आलं तर शून्य लिहू द्या आणि ओरलला विचारा, का आलं? दहातले पाच मार्क त्या उत्तराला ठेवा. त्या रात्री मग आम्ही एकमेकींचं जर्नल मागणार नाही असं नाही (उगाच खोटं कशाला बोलू), पण निदान रूमवर भांडण तरी होईल की तुझं शून्य कुठलं आणि माझं कुठलं.

उलटा आलेला ग्राफ मी फाडलेला नाही. जर्नलच्या मागच्या कव्हरात घडी करून ठेवलाय. एक्स्टर्नल सरांनी मागितला तर दाखवीन.