शिवारातील नोंदी : कोणी आणाव्यात, कोणी वाचाव्यात?

पिकास पाणी केव्हा द्यावे, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर चुकल्यास काय होते, हे कृष्णाकाठी सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत पाहावयास मिळते. अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे तेथील उसाच्या कित्येक चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पाण्याची पाळी दिवस मोजून न ठरविता जमिनीतील ओल पाहून ठरवावी, हाच त्याचा बोध होय. ही ओल मोजणारी लहान उपकरणे, म्हणजेच सेन्सर, आता उपलब्ध आहेत. ती मुळांच्या खोलीवर पुरतात व त्यांच्या नोंदी बिनतारी यंत्रणेने एका केंद्राकडे जातात.

तथापि उसाच्या फडात एक अडचण उद्भवते. लागणीच्या वेळी नोंदी व्यवस्थित पोहोचतात. परंतु ऊस डोक्यावर गेला की त्याच्या दाट, रसरशीत पाल्यात बिनतारी लहरी शोषल्या जातात व संदेश क्षीण होतो. एका सेन्सरने दुसऱ्याकडे संदेश देत न्यावयाचे म्हटल्यास केंद्राजवळच्या सेन्सरांवर सर्वांचा भार पडतो. त्यांची बॅटरी प्रथम संपते आणि मागच्यांची वाट खुंटते. यावर उपाय म्हणून ड्रोनचा वापर पुढे आला. ड्रोन फडावरून जाताना प्रत्येक सेन्सर आपल्या नोंदी जवळच्या जवळ त्याच्या स्वाधीन करतो आणि पुन्हा स्वस्थ राहतो. त्यामुळे बॅटरी अधिक काळ टिकते. पेटीपेटीतून पत्रे गोळा करणाऱ्या टपालवाल्याचेच हे काम होय.

साधन उपयुक्त खरे. पण प्रत्येक शेतकऱ्याने ड्रोन विकत घ्यावा, असा अर्थ काढणे योग्य ठरणार नाही. दोन एकरांच्या फडाच्या बांधावरून नोंदी घेणारे यंत्र हाती धरून फिरले तरी काम भागू शकते. जेथे शेकडो एकरांचा सलग ऊस आहे, तेथेच ड्रोनचा खर्च वाटला जाऊन परवडेल. यास्तव हे काम पाणी वापर संस्थेने अथवा साखर कारखान्याने सामाईक सेवा म्हणून हाती घ्यावे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ते ड्रोन मुख्यतः फवारणीसाठी आहेत. परंतु उड्डाणाचे शिक्षण घेतलेल्या या भगिनींकडे नोंदी गोळा करण्याचे कामही सोपविता येण्याजोगे आहे. मात्र २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आपल्या क्षेत्रात उड्डाणास मुभा आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

ड्रोनच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. लहान ड्रोन एका बॅटरीवर साधारण अर्धा तास उडतो. पाऊस वा जोराचा वारा असता तो उडवू नये. भारी जमिनीची ओल सावकाश बदलते, म्हणून तिच्या नोंदी दोन-तीन दिवसांनी आल्या तरी चालतात. द्राक्षावरील केवडा रोगाचा इशारा मात्र पाने किती तास ओली राहिली यावर अवलंबून असतो. तो दोन दिवसांनी मिळून उपयोग नाही. तेथे थेट संदेशाचीच व्यवस्था हवी.

खरी कसोटी नोंदी आल्यानंतरची आहे. काळी जमीन वाळताना भेगाळते. सेन्सर व माती यांत पोकळी राहिली तर तो खोटा कोरडेपणा दाखवितो. त्यावर विसंबून पाणी सोडले, तर जी हानी टाळावयाची तीच ओढवेल. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नोंद संशयास्पद वाटताच कुदळीने माती उकरून वाफसा हातानेच पारखावा. त्याचप्रमाणे, ज्याच्या जमिनीतील नोंद त्याला ती प्रथम व विनामूल्य मिळावी, असा ठराव संस्थेने आरंभीच करावा. आकडे कारखान्याच्या कचेरीत साठून राहिले आणि शेतकरी जुन्याच अंदाजाने पाणी सोडीत राहिला, तर ड्रोनने एवढी यातायात कशासाठी केली, असा प्रश्न उरेल.

नोंदी आकाशमार्गाने येवोत की बांधावरून, ‘आज पाणी देऊ नये’ एवढे एक वाक्य वेळेवर शेतकऱ्याच्या कानी पडले तरच त्यांचे सार्थक होईल. कारण एकदा क्षारपड झालेली जमीन पूर्वपदावर आणण्यास पुष्कळ वर्षे व पुष्कळ पैसा लागतो.