रुतलेल्या गाडीला हिसका नको

'गाडी रुतली की ट्रॅक्टर लावून हिसका द्या' हा एका पत्रलेखकाचा सल्ला अजिबात पटला नाही. मुरमाड रानात तो चालेलही. पैनगंगेकाठच्या आमच्या काळ्या मातीत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते. मग रेस वाढवली की चाक जागीच फिरते, खड्डा खोल होतो, क्लच जळतो. आधी खोऱ्याने चाकाभोवतीचा, गाडीच्या पोटाखालचा चिखल काढा. टायरची थोडी हवा सोडा, पऱ्हाट्या किंवा बारदाना अंथरा आणि आल्या चाकोरीने गाडी हळूहळू मागे घ्या. ट्रॅक्टर लागलाच, तर दोर बंपरला नको. गाडीसोबत मिळालेल्या हुकालाच बांधा. दोर आधी ताणून घ्या, मग सावकाश ओढा. बघ्यांना, विशेषतः पोरांना लांब उभे करा. दोर तुटला तर सपकन अंगावर येतो.

— एक वाचक, हिमायतनगर (जि. नांदेड)