एक चूल, तीस ताटं

मित्रांनो, एक साधा प्रश्न. हॉस्टेलमध्ये दोनशे मुलं जेवतात म्हणून आपण दोनशे चुली पेटवतो का? नाही ना! एक मेस, एक भटारखाना, एक महाराज. मग लॅबमध्ये तीस मशीन आहेत म्हणून तेच काम तीस वेळा का करायचं? आणि खरं सांगायचं तर तीस वेळा करायला कुणाला वेळ नाही, म्हणून ते एकदाही होत नाही!

आपल्या युनिक्स लॅबचं ब्रीदवाक्य सगळ्यांना पाठ आहे: "चालतंय ना? मग हात लावू नका." पण चालणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. वॉनाक्राय आठवतोय? विंडोजमधलं ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिला होता. हल्ला झाला 12 मे 2017 ला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते! तरी ब्रिटनमधली हॉस्पिटलंसुद्धा सापडली. औषध घरात होतं, घेतलं कुणी नव्हतं. आपल्या लॅबमध्ये फ्रीबीएसडी आहे म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये. भोकं सगळ्यांनाच पडतात.

पण फ्रीबीएसडीची एक गोष्ट मला फार आवडते. लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये कर्नल एकीकडून येतो, बाकीची साधनं दुसरीकडून. फ्रीबीएसडीमध्ये कर्नल, लायब्ररी आणि रोजच्या कमांड्स सगळं एकाच सोर्समध्ये नांदतं. म्हणजे आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याच लॅबमध्ये बांधता येते, आणि तीही एकाच मशीनवर.

पद्धत तशी सरळ आहे. सगळ्यात दणकट मशीन निवडायचं, ते आपलं बिल्ड मशीन. त्यावर ताजा सोर्स उतरवायचा (डिसेंबर 2020 पासून तो गिटमध्ये आहे). मग 'मेक बिल्डवर्ल्ड' आणि 'मेक बिल्डकर्नल'. यात कंपायलरसकट सगळं बांधलं जातं, त्यामुळे जुन्या मशीनवर कित्येक तास जातात. पण ते एकदाच! त्यानंतर सोर्स आणि तयार माल अशी दोन फोल्डरं एनएफएसने बाकीच्या मशीनवर माउंट करायची आणि तिथे फक्त इन्स्टॉल करायचं. स्वयंपाक एकदा, वाढप तीस वेळा.

वाढपालाही क्रम आहे. आधी नवा कर्नल, मग रिबूट, मग बाकीचं 'वर्ल्ड'. का? नवा कर्नल जुने प्रोग्रॅम सांभाळून घेतो, पण नवे प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर अडखळू शकतात. शेवटी 'ईटीसी-अपडेट' चालवून सेटिंगच्या फाइल्स जुळवायच्या, नाहीतर आपले बदल आणि नव्या फाइल्स यांचा मेळ बसत नाही. व्हायवाला हा क्रम विचारला तर निम्मा वर्ग खाली बघेल, पैजेवर सांगते!

आता विरोधी पक्ष. पहिला आक्षेप: "तयार बायनरी अपडेट मिळतात की, बांधायचं कशाला?" मुद्दा रास्त आहे. घरच्या एका मशीनला मीही तेच सुचवीन. पण आपण कर्नलमध्ये स्वतःचे बदल केले असतील, तर तयार अपडेट तो कर्नल बदलून देत नाही, तो आपणच पुन्हा बांधायचा असतो. आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये कर्नलला हातच लावायचा नसेल, तर ती लॅब कसली?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "एका ठिकाणी चुकलं तर तीसही मशीन झोपतील." अगदी खरं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन आडवी केली. एका चुलीवरचं अन्न बिघडलं तर आख्ख्या पंगतीला त्रास होणार. म्हणून महाराज आधी चव बघतो. आपणही एक मशीन चवीला ठेवू. नवं बिल्ड आधी त्यावर, आठवडाभर वापरायचं, मगच बाकीच्यांना. बिल्ड मशीनचा पासवर्ड मोजक्याच लोकांकडे हवा, कारण ते मशीन ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळी लॅब. आणखी एक खबरदारी: नव्या प्रोसेसरसाठी खास बांधलेला माल जुन्या प्रोसेसरवर कोसळू शकतो. तेव्हा बांधताना सगळ्यात जुन्या मशीनचा विचार आधी. हे तंत्र झालं, पण मला तर तो संस्कारही वाटतो!

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. आपण जर्नलमध्ये मेकफाइलची व्याख्या सुबक अक्षरात उतरवतो, एनएफएसची आकृती स्केलने काढतो, सही घेतो आणि विसरतो. हेच दोन विषय शेजारच्या खोलीत, खऱ्या मशीनवर, खऱ्या कामासाठी वापरायला मिळत असताना आपण आकृत्या का काढत बसायचं? पाट्या टाकून मार्क मिळतात, इंजिनिअर होता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच: महिन्यातून एक शनिवार द्या. थर्ड इयरची चार मुलं-मुली, सोबत लॅब असिस्टंट सर, एक बिल्ड मशीन, एक चवीचं मशीन आणि एक वही. कुठल्या तारखेला काय बांधलं, कुठे अडलं, ते वहीत लिहायचं. पुढच्या बॅचला ती वही द्यायची. कॉलेजला एक रुपयाही खर्च नाही, कारण फ्रीबीएसडी फुकट आहे आणि आपण तर आहोतच!

सर, परवानगी तेवढी हवी आहे. चूल आम्ही पेटवतो.